आधी दगड, मग नकाशा

बुलढाणा जिल्ह्यात शहर कोणत्या बाजूला वाढणार, हे नगररचना कार्यालय ठरवत नाही. ते वावरात दगड रोवणारा माणूस ठरवतो. नकाशा त्याच्या मागून येतो, कधी दहा वर्षांनी, कधी वीस.

दिवाळीनंतर कोणत्याही तालुक्याच्या गावाबाहेर दोन किलोमीटर जा. सोयाबीन निघालेलं वावर. ट्रॅक्टर फिरवून सपाट केलेलं. चुन्याच्या फक्कीनं मारलेल्या पांढऱ्या रेघा, कोपऱ्याकोपऱ्याला रोवलेले दगड, दगडांवर लाल रंगानं आकडे. पांदणीच्या तोंडाशी लोखंडी कमान आणि तिच्यावर कुठल्या तरी 'नगर'चा फ्लेक्स. प्लॉट तेहतीस बाय तेहतीस, म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. हातात नकाशाची झेरॉक्स मिळते. तिच्यात बगीचा आहे, मंदिराची जागा आहे, तीस फुटी रस्ता आहे. एनए झालं का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "प्रोसेसमध्ये हाये भाऊ, होऊनच जाते." मग इसार, मग बॉण्डपेपर, मग नोटरीचा शिक्का.

पुढच्या जुलैत तिथे जा. काळ्या मातीत मोटरसायकलचं चाक रुतलेलं. तीस फुटी रस्ता पांदणीएवढाच. बगीच्याच्या जागेवर आणखी चार दगड. घाटाखाली असाल तर बोअरला लागलेलं पाणी खारं, तोंडात धरवत नाही. आणि या सगळ्यात एक माणूस आयुष्याची पुंजी घालून पाया खोदतो आहे.

हा माणूस नियम मोडणारा गुन्हेगार नाही. मुलांच्या शाळेसाठी, शिकवणीसाठी, दवाखान्यासाठी, हाताला बारमाही काम मिळावं म्हणून तो गाव सोडून तालुक्याला आला आहे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार होती आणि शंभरातले जेमतेम एकवीस जण शहरात राहत होते. खामगाव ९४ हजार, मलकापूर आणि बुलढाणा ६७-६७ हजार, शेगाव ६० हजारांच्या आत, चिखली ५८ हजार. म्हणजे एक मोठं शहर नाही, घाटावर आणि घाटाखाली विखुरलेली दहा-बारा मध्यम गावं आहेत आणि त्या प्रत्येकाच्या चारी वेशींवर हीच कहाणी चालू आहे. खेड्यातून निघालेल्या माणसाची पहिली पायरी पुणे नसते, चिखली असते, मेहकर असते. ती पायरीच आपण बांधलेली नाही.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. १९४७ चा तुकडेबंदी कायदा म्हणतो, ठरलेल्या प्रमाणापेक्षा लहान तुकडा शेतजमिनीतून विकायचा नाही. २०२३ पासून राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांत हे प्रमाण जिरायतीला वीस गुंठे आणि बागायतीला दहा गुंठे आहे. गरज एका गुंठ्याची, कायदेशीर किमान वीस गुंठ्यांचं. मग दोन वाटा उरतात. एक, वीस जणांनी मिळून सामायिक खरेदी करायची आणि सातबाऱ्यावर वीस नावं चढवायची. त्यातलं कोण कुठे राहतो हे सातबारा सांगत नाही, भांडण झालं की कोर्ट. दुसरी, नोटरीच्या कागदावर विश्वास ठेवायचा. त्या कागदावर बँक कर्ज देत नाही. नगरपालिका बांधकाम परवानगी देत नाही. घरकुलाची यादी लागते तेव्हा जागेचा पुरावा मागितला जातो आणि तोही नसतो. ज्याला सरकारी मदतीची सगळ्यात जास्त गरज, त्याच्याच दारात ती येऊन परत जाते.

तिसरी वाट आहे, रीतसर मंजूर लेआउटची. ती स्वच्छ आहे, सुरक्षित आहे आणि महाग आहे. मोजणी, नकाशे, छाननी शुल्क, डांबरी रस्ते, नाल्या, विजेचे खांब, आणि ०.४ हेक्टरच्या वर लेआउट गेला की दहा टक्के मोकळी जागा. या सगळ्या अटी रास्त आहेत, एकही काढून टाकू नये. पण त्यांचा खर्च प्लॉटच्या भावात येतो आणि लेआउट पाडणारा दीड-दोन हजार फुटांचे प्लॉट पाडतो, कारण एवढा खर्च करून त्याला पैसेवालं गिऱ्हाईक हवं असतं. पाचशे फुटांचा मंजूर प्लॉट बाजारात येतच नाही. दुकानात माल नाही आणि तरी गिऱ्हाइकानं चोरबाजारात जायचं नाही, असा हा नियम आहे.

राज्याला हे माहीत नाही असं नाही. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि आणखी काही भाग वगळून सगळ्या महाराष्ट्रासाठी एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिच्यात सर्वसमावेशक गृहनिर्माणाची तरतूद आहे: एकरभराच्या आणि त्याहून मोठ्या लेआउटमध्ये वीस टक्के जागा तीस ते पन्नास चौरस मीटरच्या लहान प्लॉटसाठी ठेवा, दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी. उत्तम तरतूद. पण ती दहा लाख आणि त्यापुढच्या लोकसंख्येच्या महापालिकांनाच लागू. अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात एकही महापालिका नाही. म्हणजे जिथे गरीब माणूस शहरात पहिलं पाऊल टाकतो, नेमकं तिथेच लहान प्लॉटची सक्ती नाही. या एका ओळीत बदल केला, 'नगरपरिषदांनाही लागू' असे दोन शब्द जोडले, तर खामगाव-चिखलीच्या प्रत्येक नव्या लेआउटमधून गुंठ्याच्या आतले मंजूर प्लॉट बाहेर पडतील. मी गेली काही वर्षं प्रत्येक व्यासपीठावर हेच मागतो आहे आणि पुन्हा मागतो.

त्याऐवजी सरकार माफी देतं. २००१ मध्ये गुंठेवारी कायदा आला, १ जानेवारी २००१ पर्यंतचे प्लॉट नियमित करू म्हणाला. २०२१ मध्ये ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. तुकडेबंदीत २०१७ मध्ये सांगितलं की बाजारमूल्याच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत शुल्क भरा आणि व्यवहार नियमित करून घ्या. लोकांनी भरलं नाही, तेव्हा ते पाच टक्क्यांवर आलं. २०२५ मध्ये तर १५ ऑक्टोबर २०२४ पर्यंतच्या तुकड्यांसाठी शुल्कच माफ झालं. ज्यानं घामाचा पैसा घालून प्लॉट घेतला त्याला माफी मिळालीच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्याला पाडून काय मिळणार? प्रश्न दगड रोवणाऱ्याचा आहे. तो पैसे घेऊन पुढच्या वावरात गेला. नियमित करण्याचं विकास शुल्क, रस्त्याचा, नळाचा, नालीचा खर्च प्लॉट घेणाऱ्याच्या आणि नगरपालिकेच्या बोकांडी. प्रत्येक माफीची बातमी त्याच्या पुढच्या फ्लेक्सला बळ देते: बघा, मागचे झाले, हेही होतील.

माझी मागणी साधी आहे. घेणाऱ्याला माफ करा, पाडणाऱ्याकडून वसूल करा. त्याचं नाव सातबाऱ्यावर आहे, इसारपावतीवर आहे, फ्लेक्सवर तर मोबाईल नंबरसकट आहे. शोधायला जायची गरज नाही.

आता नकाशाकडे या. १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा, ज्याला सगळे एमआरटीपी म्हणतात, सांगतो की वीस वर्षांतून निदान एकदा विकास योजना सुधारित करा. वीस वर्षं! दोन पिढ्यांची लग्नं त्यात होतात. सुधारित योजना तयार होईपर्यंत ज्या वावरावर नकाशात शेतीचा हिरवा रंग असतो त्या वावरात दोनशे घरं झालेली असतात. मग आराखडा करणारा बिचारा काय करणार? घरं उभी आहेत तिथे रहिवासाचा पिवळा रंग देतो. रस्ता जिथून जायला हवा तिथे एखाद्याचं स्वयंपाकघर आलेलं असतं, म्हणून रस्ता वाकडा होतो. मैदानासाठी जागा उरलेली नसते, म्हणून मैदानाचं आरक्षण पलीकडच्या शेतकऱ्याच्या कोऱ्या वावरावर पडतं. ज्यानं नियम पाळून वावर पेरत ठेवलं, त्याच्याच डोक्यावर आरक्षण येतं. या अन्यायावर आपल्याकडे कोणी बोलत नाही.

त्या शेतकऱ्याची पुढची गोष्टही ऐका. आरक्षण पडलं की जमीन विकता येत नाही, विकली तर कवडीमोलानं. नगरपालिकेकडे ती घ्यायला पैसा नाही. दहा वर्षं उलटली की कलम १२७ खाली तो नोटीस देतो. पालिकेला चोवीस महिन्यांची मुदत असते. तेवढ्यात संपादन झालं नाही की आरक्षण रद्द. जागा मोकळी झाली, प्लॉट पडले, मैदान गेलं. दहा वर्षं शेतकरी अडकला आणि शेवटी मुलांना मैदानही मिळालं नाही. दोघांचं नुकसान करणारी व्यवस्था कशी असते, ते बघायचं असेल तर कोणत्याही पालिकेतल्या आरक्षणांची यादी काढून बघा.

आणि मधल्या काळात काय चालतं? झोन बदल. कलम ३७. एकेका सर्व्हे नंबरचा हिरवा रंग पिवळा करून आणायचा. ज्याचे मुंबईपर्यंत हात पोचतात त्याचं वावर पिवळं होतं, शेजारच्याचं हिरवंच राहतं. मधला धुरा तोच, माती तीच, भाव चौपट. बाजाराच्या मागणीला प्रतिसाद म्हणून हे समर्थनीय ठरवलं जातं. मला ते मान्य नाही. मागणी खरी असेल तर ती एका सर्व्हे नंबरपुरती कशी काय असेल? बदल करायचा तर त्या अख्ख्या बाजूचा करा, रस्ते आणि नाल्या आखून करा, सगळ्यांसाठी एका दिवशी करा.

समृद्धी महामार्गानं तर याची दुसरी बाजू दाखवली. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता आपल्या मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा या चार तालुक्यांतून जातो. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये. रस्त्याकाठी नवी शहरं वसवायची योजना होती, नाव दिलं कृषी समृद्धी केंद्र. आपल्या जिल्ह्यात मेहकर तालुक्यात साब्रा-काब्रा आणि सिंदखेडराजा तालुक्यात सावरगाव माळ. नियोजनाचा अधिकार रस्ते विकास महामंडळाकडे. जमीन एकत्र करायची आणि शेतकऱ्याला जिरायतीच्या बदल्यात पंचवीस टक्के, बागायतीच्या बदल्यात तीस टक्के विकसित प्लॉट परत द्यायचा, असं ठरलं होतं. महामार्गाच्या वेळी बहुतेक शेतकऱ्यांनी प्लॉटऐवजी रोख मोबदला पसंत केला. त्यांना दोष देता येत नाही. उद्या उभ्या राहणाऱ्या शहरातल्या प्लॉटवर आज घर चालत नाही.

तो मोबदल्याचा पैसा कुठे गेला? बराचसा परत जमिनीत. इंटरचेंजच्या आसपास, तालुक्याच्या गावांच्या वेशीवर. जिथे नियोजन कागदावर तयार आहे तिथे गिऱ्हाईक नाही, आणि मेहकरच्या वेशीवर गिऱ्हाइकाची रांग आहे तिथे नियोजनाचा पत्ता नाही. शहर माळावर नव्यानं रुजवायला दोन-तीन पिढ्या जातात. जी गावं आधीच वाढताहेत त्यांनाच आधी रस्ते, पाणी आणि मंजूर प्लॉट दिले असते, तर तोच पैसा सरळ मार्गानं घरांत उतरला असता.

मागणी आधी ओळखून तिच्यासाठी तयारी करणं आपल्या जिल्ह्याला नवं नाही. खामगावच्या कापसाला मुख्य लोहमार्गापर्यंत न्यायचं म्हणून जलंब ते खामगाव ही छोटी फाट्याची लाईन टाकली गेली. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो तिच्या उद्घाटनाला आले होते. परक्या सरकारनं आपल्या फायद्यासाठी केलं, हे खरंच. पण कापसाच्या गाड्या रस्त्यावर तुंबायच्या आत रूळ टाकला.

याचा अर्थ बाजार मागेल ते द्यायचं, असा कोणी काढू नये. काही ठिकाणी बाजाराला नाहीच म्हणायचं असतं आणि ते एकदाच, ठामपणे म्हणायचं असतं. लोणार हे पहिलं. बेसाल्टमध्ये उल्कापातानं झालेलं सरोवर, २००० पासून अभयारण्य, २०२० पासून रामसर स्थळ. विवराच्या अगदी काठावर गाव वसलेलं. गावाचं सांडपाणी सरोवरात जातं म्हणून लोकांना उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जावं लागलं. तिथल्या संरक्षित स्मारकांभोवती शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामाला पूर्ण बंदी आणि पुढे दोनशे मीटर परवानगीशिवाय काही नाही. पर्यटन वाढतं आहे म्हणून काठावर हॉटेल, रिसॉर्ट हवं, अशी मागणी होते. तिथे उत्तर नाही. मात्र त्याच काठावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसाला गळकं छप्पर बदलायला परवानगीसाठी महिनोन्‌महिने ताटकळत ठेवणं हे संरक्षण नव्हे. त्याला ठरलेल्या मुदतीत होय किंवा नाही सांगा, आणि गाव वाढवायला विवरापासून दूर मंजूर जागा द्या. ती दिल्याशिवाय नुसती बंदी टिकत नाही.

दुसरं, नाले आणि नद्या. २२ जुलै २०२३ ला सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत पावसानं काय केलं, ते तिथल्या लोकांना सांगायला नको. नाल्याच्या पात्रात फक्की मारलेला प्लॉट उन्हाळ्यात सुंदर दिसतो. तो कधीच नियमित होणार नाही, कोणत्याही माफीत बसणार नाही, असं सरकारनं आजच जाहीर करावं आणि तिथे राहणाऱ्यांना दुसरीकडे जागा द्यावी. तिसरं, घाटाचे उतार. बुलढाणा-मोताळ्याच्या घाटात माती कापून बंगले बांधायची हौस वाढते आहे. तीही थांबवा.

उरलेल्या जमिनीवर मात्र बाजाराशी भांडू नका, त्याच्या पुढे चला. त्यासाठी हत्यार कायद्यातच आहे: नगररचना योजना, ज्याला टीपी स्कीम म्हणतात. मुंबई इलाख्यात १९१५ च्या कायद्यापासून ती होती. आपण वऱ्हाडात, मध्य प्रांताच्या कारभारात, म्हणून तेव्हा ती आपल्याकडे आली नाही. १९६६ च्या कायद्यानं आली आणि कागदावरच राहिली. गुजरातनं मात्र तीच पद्धत नेटानं वापरून अहमदाबाद वाढवलं. आपल्याकडे अलीकडे पनवेलजवळ नैना क्षेत्रात आणि पुण्याजवळ म्हाळुंगे-माणमध्ये ती पुन्हा हाती घेतली आहे.

पद्धत समजायला सोपी आहे. समजा चिखलीच्या वेशीला दहा शेतकऱ्यांची मिळून वीस एकर जमीन आहे. कुणाचं वावर लांबट, कुणाचं तिरपं, दोघांना रस्ताच नाही. पालिका सगळी जमीन नकाशावर एकत्र करते, रस्ते, नाल्या, मैदान, शाळा, लहान घरांची जागा आखते आणि उरलेली साधारण निम्मी जमीन प्रत्येकाला त्याच्या वाट्याप्रमाणे चौकोनी, रस्त्याला लागून परत देते. जमीन निम्मी होते, भाव कितीतरी वाढतो. पालिकेला रस्त्यासाठी एक रुपयाचं संपादन करावं लागत नाही. एकाच शेतकऱ्याच्या डोक्यावर मैदानाचं आरक्षण पडत नाही, सगळे वाटून घेतात. आणि गुंठ्याच्या आतले मंजूर प्लॉट दगड रोवणाऱ्याच्या आधी बाजारात येतात.

यात अडचणी नाहीत असं मी म्हणत नाही. पालिकांकडे नगररचनेची माणसं कमी आहेत, सातबाऱ्यावरचे वाद जुने आहेत, मोजणीला वेळ लागतो. म्हणून सगळीकडे एकदम नको. खामगाव, चिखली आणि मेहकर या तीन गावांत एकेका वेशीला एकेक योजना करा, नगररचना विभागानं त्यासाठी वेगळी माणसं द्यावीत, आणि जोवर ती पूर्ण होत नाही तोवर त्या वेशीचा एकही सर्व्हे नंबर सुट्यानं पिवळा करू नये.

कित्येक वर्षं जिल्ह्यातल्या नगरपालिका प्रशासकांच्या हाती होत्या. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांनंतर नगरसेवक परत सभागृहात आले आहेत. तेव्हा वाचकहो, एक काम करा. तुमच्या पालिकेत जा आणि मंजूर विकास योजनेचा नकाशा बघायला मागा. तो बघणं हा तुमचा हक्क आहे. योजना कोणत्या वर्षी मंजूर झाली, सुधारणा केव्हा होणार, तुमच्या वॉर्डातल्या किती आरक्षणांची दहा वर्षं उलटली, हे तीन प्रश्न लेखी विचारा. प्रारूप जाहीर झालं की हरकती-सूचनांची मुदत असते. ती वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर छापली जाते आणि निघून जाते. त्या मुदतीत एक पान अर्ज लिहा: आमच्या वेशीला टीपी स्कीम करा, लहान प्लॉट ठेवा, नाला मोकळा ठेवा. अर्ज आवक-जावकला द्या आणि पोच घ्या, आवक क्रमांक आणि शिक्क्यासह. तोंडी सांगितलेलं तिथे कुणालाच आठवत नाही.

आणि कमानीखाली उभा राहून कोणी "होऊनच जाते" म्हणाला, तर इसार देण्याआधी मंजुरीचा आदेश बघा. आदेश नसेल तर पैसे खिशातच ठेवा.